घ्यायची तर खरीच घे!

परवा घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक फोटो टाकला. सोफ्याला टेकवून ठेवलेली एक गिटार, बास. खाली लिहिलं, "घेतली एकदाची." आईचा नमस्कार आला (आई प्रत्येक फोटोला नमस्कारच पाठवते, वाढदिवस असो की एक्सरे). ताईने विचारलं, "छान! कुणासाठी?" सत्तेचाळिसाव्या वर्षी माणूस स्वतःसाठी गिटार घेईल हे तिच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. आणि मग पुण्याहून मावसभाऊ उगवला. त्याला गिटारमधलं कळतं. त्याने फोटो मोठा करून डोक्यावरचं नाव वाचलं असणार. "स्क्वायर?? अरे डॉलरमधे कमावतोस आणि नक्कल घेतोस? घ्यायची तर खरीच घे ना!"

संध्याकाळी इथल्या एका स्नेह्यांना फोन केला. यांच्या बेसमेंटच्या भिंतीवर सात गिटारी टांगलेल्या आहेत. प्रत्येकीची जन्मतारीख, गाव आणि किंमत त्यांना पाठ आहे. मी त्यांना वाजवताना कधी ऐकलेलं नाही, पुसताना मात्र खूपदा पाहिलंय. ते हळहळले. म्हणाले, "तुझ्या जागी मी असतो तर अजून दोन वर्षं थांबलो असतो. पण खरी घेतली असती."

दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना लक्षात आलं की मला राग आलाय. मावसभावाचा नाही, स्नेह्यांचाही नाही. राग आलाय तो त्या वाक्याचा. "घ्यायची तर खरीच घे." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय, गेली वीस वर्षं मीच ते स्वतःला ऐकवतोय, आणि माझं आता ठाम मत झालंय की या वाक्याने जितक्या लोकांना वाद्यापासून लांब ठेवलं तितक्यांना आळसानेही ठेवलं नसेल. तेव्हा आज जरा सविस्तर भांडणार आहे. ज्यांना गिटारमधलं काही कळत नाही (म्हणजे आमचे बहुतेक नातेवाईक) त्यांनीही थांबावं. शेवटी पेटीही येणार आहे.

आधी ओळख करून देतो. मी घेतली ती जॅझमास्टर जातीची इलेक्ट्रिक गिटार. साध्या गिटारची कंबर दोन्ही बाजूंनी समोरासमोर आत गेलेली असते. जॅझमास्टरची कंबर सरकलेली असते, एक बाजू पुढे, एक मागे. साधी गिटार म्हणजे विटेवर सरळ उभा असलेला विठोबा, आणि ही म्हणजे एका पायावर भार टाकून उभा असलेला मुरलीधर. या सरकलेल्या कमरेच्या गिटारींना 'ऑफसेट' म्हणतात. बसून वाजवताना मांडीवर नीट बसावी म्हणून लिओ फेंडर या अमेरिकन गृहस्थाने ही कंबर सरकवली. जॅझमास्टर १९५८ साली आली, तिची धाकटी बहीण जॅग्वार १९६२ साली, आणि शेंडेफळ मस्टँग १९६४ साली. माझी जॅझमास्टर मधे मधाळ पिवळी, कडांना काळपट होत गेलेली, वर कासवाच्या पाठीसारखी नक्षीदार प्लास्टिकची पाटी. दिसायला साठ वर्षांची आणि वयाने जेमतेम पाच. इंडोनेशियात बनलेली, फेंडरच्याच स्वस्त शाखेची, म्हणजे स्क्वायरची. एका कॉलेजच्या पोराकडून तीनशे डॉलरला घेतली.

आता 'खरी' म्हणजे काय ते बघू. खरी म्हणजे साठच्या दशकात कॅलिफोर्नियात बनलेली. तिला आज काही हजार डॉलर मोजावे लागतात, आणि रंग, वर्ष, स्क्रू सगळं मूळचं असेल तर विचारूच नका. ते नको असेल तर फेंडरने २०२२ पासून जुन्या बरहुकूम बनवलेली १९६६ च्या नमुन्याची नवी अमेरिकन मिळते, तीही दोन हजार डॉलरच्या वर. मावसभावाच्या मते निदान ही तरी. स्नेह्यांच्या मते ती सुद्धा नक्कलच, कारण ती स्वतः १९६६ साली जन्मलेली नाही. म्हणजे बघा, खरेपणाच्या या शिडीवर प्रत्येकाच्या वर कुणीतरी बसलेलाच आहे.

या लोकांना मी एकच विचारतो. बाबांनो, या गिटारीचा इतिहास तरी वाचलाय का?

जॅझमास्टर आली तेव्हा ती फेंडरच्या यादीतली सगळ्यात महागडी गिटार होती. नावाप्रमाणे ती जॅझ वाजवणाऱ्या बुजुर्गांसाठी होती. बुजुर्गांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, ते आपल्या पोकळ पोटाच्या गिटारी घेऊन बसले. काही वर्षं समुद्रकाठच्या पोरांनी सर्फ संगीतासाठी तिला हाताशी धरलं. मग ती लाट ओसरली. सत्तरच्या दशकात सगळ्यांना वेगळाच जाड, लांबत जाणारा आवाज हवा होता आणि हिचा आवाज पडला तुटक. १९७५ मधे जॅग्वार बंद झाली, १९८० मधे जॅझमास्टर. ज्यांच्याकडे होत्या त्यांनी त्या पॉनशॉपमधे, म्हणजे इथल्या सावकाराच्या दुकानात, नेऊन टाकल्या. तिथे त्या धूळ खात पडल्या, कुणाला नको असलेल्या, म्हणून स्वस्त.

आणि तिथून पुढे या गिटारीचं खरं आयुष्य सुरू झालं! ज्यांच्या खिशात दमडी नव्हती अशा पोरांनी त्या उचलल्या. न्यूयॉर्कचा टॉम व्हर्लेन. एल्विस कॉस्टेलो, ज्याच्या १९७७ च्या पहिल्या रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर तो वाकड्या पायांनी हीच गिटार घेऊन उभा आहे. सॉनिक यूथवाल्यांकडे तर स्वस्तातल्या गिटारींचा ढीगच असे, प्रत्येकीचा सूर निराळा लावलेला, तारांखाली कधी स्क्रूड्रायव्हर खुपसलेला. डायनोसॉर ज्युनियरचा जे मॅसिस. याला हवी होती स्ट्रॅटोकास्टर, ती परवडली नाही म्हणून त्याने जॅझमास्टर घेतली, हे त्यानेच सांगितलेलं आहे. आयर्लंडचा केव्हिन शील्ड्स हिचा दांडा मुठीत धरूनच तारा छेडायचा. त्यातून जो हेलकावणारा, ओल्या कपड्यासारखा आवाज निघाला, तो १९९१ च्या 'लव्हलेस' पासून आजवर हजारो पोरं काढायचा प्रयत्न करतायत.

यातला एकही जण 'विंटेज' गिटार वाजवत नव्हता. ते सेकंडहँड गिटार वाजवत होते. दोन्हींत फरक फक्त इतकाच की सेकंडहँड वस्तू मिळते म्हणून घेतात आणि विंटेज वस्तू मिळत नाही म्हणून घेतात. आज ज्या आवाजाच्या प्रेमापोटी तुम्ही मला "थांब, खरी घे" सांगताय, तो आवाज न थांबलेल्या लोकांनी काढला आहे. यातला कुणी म्हणाला असता, की घेईन तर स्ट्रॅटोकास्टरच घेईन, तर आज जॅझमास्टर हे नाव तुम्हाला ठाऊकही नसतं.

मस्टँगची गोष्ट तर याहून भारी. मस्टँग फेंडरने काढली तीच मुळी शिकाऊ मुलांसाठी. निर्वाणाच्या कर्ट कोबेनने १९९१ च्या त्या सुप्रसिद्ध व्हिडिओत जी वाजवली ती मस्टँग, १९६९ सालची. २०२२ मधे तिचा लिलाव झाला. साडेचार मिलियन डॉलर! विद्यार्थ्याची गिटार पंचेचाळीस लाख डॉलरला! आणि ही ज्याने घेतली तो काही उद्या सकाळी उठून तिच्यावर पलटे घोटणार नाहीये. ती आता काचेमागे राहणार. शिकाऊंसाठी जन्मलेल्या वाद्याला शिकाऊचा हात लागणार नाही याची पक्की व्यवस्था म्हणजे विंटेज.

आता दुसरा आक्षेप. "इंडोनेशियात बनलेली आहे." हे म्हणताना आवाज थोडा खाली जातो, जसा "त्यांच्या मुलाने परजातीतली केली" म्हणताना जातो. मला सांगा, कॅलिफोर्नियात पन्नासच्या दशकात या गिटारी कोण बनवत होतं? लिओ फेंडर स्वतः रंधा घेऊन बसत नव्हता. टेडिओ गोमेझ नावाचा कामगार गिटारींच्या माना घडवायचा आणि टोकाला पेन्सिलीने 'टीजी' लिहायचा. आज त्या 'टीजी' अक्षरांचे संग्राहक वेगळे पैसे मोजतात. अबिगेल इबारा नावाची बाई १९५६ साली तिथे लागली आणि अख्खा जन्म पिकपच्या तारा गुंडाळत राहिली. तिच्या हातच्या पिकपसाठी लोक यादी लावत. दोघंही कारखान्यातले रोजंदार कामगार. तेव्हा त्यांना कुणी उस्ताद म्हणत नव्हतं. मग इंडोनेशियातल्या कारखान्यात आज जी बाई माझ्या गिटारीची मान घासून गुळगुळीत करते, तिचं काम नक्कल आणि टेडिओचं काम अस्सल, हे कुठल्या न्यायाने ठरलं? तिने नाव लिहिलेलं नाही म्हणून? की अजून पन्नास वर्षं झाली नाहीत म्हणून?

आणि पन्नास वर्षं लागतच नाहीत. स्क्वायर हे नाव फेंडरने १९८२ मधे जपानमधे बनलेल्या स्वस्त गिटारींसाठी वापरायला काढलं. तेव्हाही लोक "जपानी माल" म्हणून नाक मुरडत असणारच. आज त्या पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या जपानी स्क्वायर शोधत लोक फिरतात आणि सापडली की तिच्या अनुक्रमांकाचा फोटो काढून एकमेकांना दाखवतात. नक्कल पिकली की अस्सल होते! लाकडाचंही तेच. माझ्या गिटारीचं अंग पॉपलरचं आहे हे कळल्यावर स्नेह्यांनी "अरेरे" केलं. साठच्या दशकात मस्टँगची अंगं फेंडर याच पॉपलरची बनवत होता. त्यांना कुणी अरेरे करत नाही.

तिसरा आक्षेप मात्र खरा वाटण्यासारखा आहे. "स्वस्त ऑफसेट नीट वाजतच नाहीत." हे मी अनुभवानेच बोलतो, कारण ज्या पोराने मला गिटार विकली त्याचीही तीच तक्रार होती. बिचाऱ्याने दोन वर्षं खटपट केली. जरा जोरात वाजवलं की जाडी तार घोडीवरच्या खाचेतून उडी मारून शेजारच्या खाचेत जाऊन बसायची. शिवाय सतत खरखर. त्याला सगळ्यांनी सांगितलं, स्वस्तातली आहे ना, असंच असणार. त्याने वैतागून विकायला काढली.

आता यातली गंमत बघा. १९५८ साली ही गिटार ज्या तारा गृहीत धरून बनवली त्या आजच्यापेक्षा बऱ्याच जाड होत्या, बारीक तारही बारा थाऊची. (एक इंच म्हणजे हजार थाऊ, हे आमच्या वर्कशॉपच्या मास्तरांनी कान पिळून शिकवलंय.) या गिटारीत तार घोडीवरून मागे बरीच लांब जाऊन अडकते, त्यामुळे घोडीवर ती फार कमी कोनात वळते, म्हणजे घोडीवर दाब कमी. जाड तारेला ताण जास्त असतो, ती जागेवर बसते. त्या पोराने लावल्या होत्या नऊच्या, रबरबँडसारख्या. त्या उडणार नाहीत तर काय होईल! कॅलिफोर्नियातल्या साठ वर्षं जुन्या अस्सल जॅझमास्टरवर नऊच्या तारा लावा, त्याही तशाच उडतील. हा स्वस्तपणाचा दोष नाहीच, तो या जातीचा स्वभाव आहे.

मी काय केलं? अकराच्या तारा आणल्या. मान काढली, खोबणीत जुन्या वाढदिवसाच्या कार्डाची एक बारीक पट्टी कापून घातली, म्हणजे मान किंचित मागे कलते आणि घोडी उंच करता येते, तारेचा कोन वाढतो. (हा जुगाड माझा नाही. फेंडरच्या कारखान्यातही त्या काळी मानेखाली अशा पट्ट्या घालत.) घोडी वर उचलली, पडद्यांशी सूर जुळवून घेतले. एक रविवार दुपार आणि बारा डॉलर. तेव्हापासून तार एकदाही उडालेली नाही. वर एक बक्षीस मिळालं. घोडीच्या मागे तारांचा जो रिकामा भाग आहे तो आपोआप झंकारतो, थेट सतारीच्या तरफेसारखा. दोष म्हणून ज्याच्यावर लोक फोमचा तुकडा कोंबतात त्यावर सॉनिक यूथने गाणी केली.

आमच्या सांगलीच्या शेजारी मिरज. तिथे तंबोरा घेतला की कारागीर घोडीवर बसून जवारी काढून देतो. जवारी लागली नसेल तर तो तंबोरा ठणठण वाजतो. म्हणून कुणी तंबोरा भिकार आहे असं म्हणत नाही, "जवारी काढायची राहिलीय" म्हणतं. इतका साधा विवेक गिटारीच्या बाबतीत का राहत नाही? कारण "स्वस्त आहे" हे उत्तर सोपं पडतं. त्यापुढे विचार करावा लागत नाही, पट्टी कापावी लागत नाही.

आता प्रामाणिकपणे दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो, नाहीतर मावसभाऊ मला सोडणार नाही.

एक. खरोखरच वाईट वाद्यं असतात. ज्या गिटारीचे पडदे चुकीच्या जागी बसवलेत ती जन्मात सुरात लागणार नाही, आणि शिकणाऱ्याचा कान बिघडवेल. आमच्या कॉलेजच्या काळात होस्टेलवर अशी एक होती, तिच्यावर आम्ही सगळे बेसूर झालो. पण अडचण बेसूरपणाची आहे, स्वस्तपणाची नाही, आणि दोन्ही एकच असण्याचे दिवस आता बऱ्यापैकी मागे पडले. संगणकावर चालणारी यंत्रं आल्यापासून पडद्यांच्या खाचा स्वस्त गिटारीतही जागच्या जागी पडतात. सूर तपासायला यंत्र लागतं ते फोनमधेच असतं. तपासा, बेसूर असेल तर सोडून द्या.

दोन. माझ्या गिटारीचा 'जुनेपणा' खोटा आहे. तिच्या मानेला कारखान्यातच पिवळसर झाक दिलेली आहे, म्हणजे साठ वर्षं कुणाच्या तरी घरात सिगरेटच्या धुरात काढल्यासारखी. मी त्या झाकेला भुललो, हे कबूल. पण मग हा न्याय वरच्या मजल्यावरही लावा. खुद्द फेंडर १९९५ पासून नव्याकोऱ्या गिटारी खरवडून, ठोकून, स्क्रू गंजवून विकतो, आणि त्या न खरवडलेलीपेक्षा महाग असतात! दुसऱ्याच्या घामाचे डाग विकत घ्यायला माझ्या तीनशे डॉलरपेक्षा किती तरी जास्त पैसे पडतात. माझा खोटेपणा निदान स्वस्तातला आहे.

तीन. स्वस्त म्हणून माणूस एक घेतो, मग दुसरी, मग तिसरी, आणि वाजवत काहीच नाही. हा आक्षेप मला लागला. याचं उत्तर माझ्याकडे नाही. इतकंच म्हणतो की हा रोग महाग घेणाऱ्यांनाही होतो. बेसमेंटच्या त्या सात गिटारी आठवा.

असो. आता पेटी.

आमचे बाबा जिल्हा परिषदेत कारकून. गाण्याचा कान असा की रेडिओवर कुणी चढा सूर लावला की ताट बाजूला सारत. त्यांना पेटी शिकायची होती. शिकवायला शेजारच्या वाड्यातले गुरुजी तयार होते, तेही फुकट. एकदा त्यांनीच एक साधी, वापरलेली पेटी सुचवली होती, म्हणे मंदिरातल्या भजनी मंडळाने नवी घेतली, जुनी देऊन टाकतायत. बाबा म्हणाले, "नको. घ्यायची तर जर्मन सुरांची घेईन." जुन्या जर्मन सुरांच्या पेटीबद्दल ते असं बोलायचे जसं लोक काशीबद्दल बोलतात. कपाटात एक पाकीट होतं, त्याच्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात 'पेटी' असं लिहिलेलं. त्यात दर महिन्याला थोडे पैसे जात आणि दर दीड-दोन वर्षांनी ते पाकीट रिकामं होई. दादाची फी. ताईचं लग्न. २००४ साली माझं अमेरिकेचं विमानाचं तिकीट, त्यातलेही काही पैसे त्या पाकिटातले होते, हे मला आईने नंतर सांगितलं. निवृत्तीनंतर पैसे होते, पण तोवर उजव्या हाताची बोटं थरथरायला लागली होती. २०११ मधे ते गेले. जेवण झाल्यावर ताटाच्या कडेला त्यांची बोटं चालायची ती मी कायम पाहिलेली आहेत. कुठला राग असायचा ते कधी विचारलं नाही.

मला हे लिहून कुणाला रडवायचं नाही. बाबा दुःखी वगैरे अजिबात नव्हते. पण भजनी मंडळाची ती पेटी सुरात होती. गुरुजींनी ती वाजवून पाहिली होती. ती घेतली असती तर पस्तीस वर्षं आमच्या घरात संध्याकाळी पेटी वाजली असती, साधी, थोडी कर्कश, पण वाजली असती. आणि मग कदाचित जर्मनही आली असती, कारण वाजवणाऱ्याला पुढची पेटी मिळतेच, कुणी ना कुणी देतं.

आणि बाबांवरून मी काही शिकलो का? डोंबल! २००५ साली इथे नवा असताना एका दुकानात मी पहिल्यांदा साठच्या दशकातली जॅझमास्टर हातात घेतली. दहा मिनिटं वाजवली. किमतीची चिठ्ठी वाचून परत टांगली आणि मनात म्हणालो, घेईन तर हीच. कॉलेजात मित्राची गिटार घेऊन बऱ्यापैकी वाजवायचो, तेही सोडलं, कारण आता 'ती' येईपर्यंत कशाला? मग घर झालं, मुलींचे क्लास झाले, दोन मंद्या झाल्या. पगार जितका वाढला त्याच्यापेक्षा तिची किंमत पुढे पळाली. वीस वर्षं मी एका गिटारीसाठी गिटार वाजवली नाही. हे वाक्य लिहून पुन्हा वाचलं तेव्हा कान गरम झाले.

आता रोज रात्री अर्धा तास बसतो. डाव्या हाताची टोकं सोललीयत. करंगळी सांगितलेलं ऐकत नाही, आणि जे विशीत दोन महिन्यांत आलं असतं त्याला आता वर्ष लागेल असं दिसतंय. साठ वर्षांची अस्सल गिटार असती तरी करंगळी हीच असती. काल पहिल्यांदा एक गत सलग, न अडखळता वाजली. धाकटी दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "बाबा, ते तारांच्या मागून काय वाजतंय?" तिला घोडीमागची तरफ ऐकू आली! तिला ती गिटार कुठे बनली ते माहीत नाही, आणि मी सांगितलंही नाही. हातात दिली.

तर मंडळी, ज्यांच्या मनात एखादं वाद्य आहे (गिटार, पेटी, सतार, बासरी, काहीही) आणि जे 'खऱ्या'साठी थांबलेत, त्यांना एवढंच सांगणं आहे. सुरात लागतं ना? हाताला बरं वाटतं ना? खिशाला झेपतं ना? घेऊन टाका. मावसभावाला आणि स्नेह्यांना हा लेख पाठवतोच आहे, त्यांनी खाली सविस्तर भांडावं. फक्त भांडायला येण्याआधी आपापलं वाद्य काढून एकदा सुरात लावून यावं, इतकीच अट.

ताजा कलम: आईला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. पेटीशी आल्यावर ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "झाली ना घेऊन? मग आता वाजव. नुसता लिहीत नको बसू."